सुबाराव डांबरीवर रडतो

धारूर,
१२ ऑक्टोबर १९८७

चि. भारत यास ताईचे आशीर्वाद.

आपल्या मायेला घेऊन कड्याला साखर कारखान्यावर निघालास तेव्हा "पोचल्याबरोबर कार्ड टाकतो" असं म्हणाला होतास. कार्ड अजून वाटेतच आहे वाटतं. काम माझंच अडलंय, तेव्हा रुसून परवडणार नाही. म्हणून मीच लिहिते.

तुझा सुबाराव आजारी पडलाय. 'तुझा' म्हणते, कारण डोळ्यांची शिबिरं घेणारे जपानी डॉक्टर आपल्या देशी परत जाताना ही जुनी सुबारू गाडी आमच्या महिला दूध संस्थेला देऊ लागले, तेव्हा सगळ्या बायका कचरत होत्या आणि तू एकटा छाती काढून म्हणालास, "घे ताई, मी आहे ना." मी सचिव म्हणून सही केली. लोकांनी सुबारूचा सुबाराव करून टाकला आणि दोन वर्षं त्यानं कसलीही कुरकुर न करता डोंगरातल्या वाड्यांचं दूध अंबाजोगाईच्या शीतकेंद्रावर नेलं. जिथं जीपसुद्धा चढायला नखरे करते तिथं हा गेला.

दसऱ्यापासून मात्र त्याचं काहीतरी बिनसलंय. वळण आलं की कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखा अडतो. पेट्रोल पितो. रेडिएटर तापतो. आणि गंमत अशी की वाड्यांच्या कच्च्या रस्त्यावर अगदी गुणी बाळासारखा चालतो, डांबरी लागली की रडायला लागतो. परवा अंबाजोगाईच्या अलीकडे इतका तापला की तासभर थांबावं लागलं, आणि अर्धं दूध नासून गेलं. या दुष्काळात नासलेलं दूध ओतून देताना काय वाटतं, ते तुला सांगायला नको.

चेअरमन छबुबाई तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण दिवाळीनंतरच्या सभेत विषय घेतलाय: डोंगराची फेरी चालू ठेवायची की बंद करायची. बंद झाली तर खालची गावं भाड्याच्या टेम्पोवर भागतील, पण वरच्या वाड्यांत टेम्पो जात नाही. तिथल्या बायकांनी जनावरं चारा छावणीत न घालता डोंगरातला पाला घालून कशीबशी दुभती ठेवलीत, ती केवळ आपली गाडी येते म्हणून. फेरी थांबली की ती जनावरं बाजारात जाणार.

तेव्हा सांग, काय करू. तू दसऱ्याला येऊन कार्बोरेटर बदलून गेलास, त्यानं काही झालं असेल असं मी म्हणत नाही. मी फक्त विचारते.

मायेला नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याला तेल लावतोस का?

तुझी ताई,
शिवकन्या


कडा,
१७ ऑक्टोबर

ताई, नमस्कार.

माय सुखरूप आहे. तेल रोज लावतो, आणि रोज शिव्याही खातो, कारण मी लावलेलं तेल तुझ्या तेलासारखं मुरत नाही म्हणे. कार्ड टाकायचं राहिलं. गळीत हंगाम तोंडावर आहे, वर्कशॉपमध्ये मान वर करायला फुरसत नाही. यंदा ऊसच नाही, हंगाम किती दिवस चालेल देव जाणे, पण मशीन तर उघडून साफ करावीच लागते.

"मी फक्त विचारते" हे तुझं वाक्य मी चार वेळा वाचलं. ताई, तू लहानपणीही असंच विचारायचीस, आणि मार मला बसायचा.

कार्बोरेटरचं ऐक. मूळचा पार झिजला होता, त्याचे भाग इकडं कुठं मिळत नाहीत. म्हणून जीपचा बसवला. तो या इंजिनावर सरळ बसत नाही, मधली जोडपट्टी मी स्वतः कापून घातली. तिथून हवा खेचली जात असेल तर इंजिन तापेल आणि पेट्रोलही पिईल. डांबरीवर वेग जास्त असतो, म्हणून तिथं जास्त रडत असेल. माझा संशय तिथंच आहे.

तुमच्या ड्रायव्हरला, आश्रुबाला, इतकं करायला सांग. इंजिन चालू असताना जोडपट्टीच्या कडेनं थेंब थेंब पेट्रोल सोडायचं, पण जपून, जवळ विडी पेटवायची नाही. आवाज बदलला तर हवा घुसते आहे असं समज. मग चारही प्लग काढून त्यांचा रंग बघायचा. पांढरे असतील तर पेट्रोल कमी पडतंय, काळे असतील तर जास्त होतंय, विटकरी असतील तर ठीक. प्लग काढताना त्याची बोटं सोलतील, कारण याचं इंजिन इतरांसारखं उभं नाही. पिस्टन दोन्ही बाजूंना आडवे झोपलेत, रुसून एकमेकांकडे पाठ केलेल्या भावांसारखे. आणि फेरीहून आल्यावर चाकांच्या मधोमधच्या तुंब्यांना हात लावून बघायचा, ब्रेक चिकटतोय का ते कळेल.

गिअरशेजारच्या लहान दांडीचं वगैरे काही लिहीत बसत नाही, ते आश्रुबाला माझ्याइतकंच कळतं.

माय विचारते, तिनं खंडेनवमीला गाडीत बांधलेला नाडा आहे ना अजून? रोज एकदा तरी विचारते.

तुझा,
भारत


धारूर,
२६ ऑक्टोबर

चि. भारत,

भाऊबीज झाली. ओवाळायचं ताट तयार करून दुपारपर्यंत दारात बसले होते. मशीन उघडलेली आहे हे मला माहीत आहे. तरी कळवायचं तरी.

तू सांगितलेलं सगळं केलं. जोडपट्टीवर पेट्रोल सोडलं, आवाजात काही फरक नाही. प्लग विटकरी निघाले. बोटं सोलली, तू म्हणालास तशीच. ब्रेकच्या तुंब्या कोमट, चारही सारख्या.

पण एक नवीनच गोष्ट ध्यानात आली. संस्थेच्या फरशीवर गाडी सरळ ढकलली तर चार बायकांनी ढकलली जाते. चाक पूर्ण वळवलं तर आठ बायकांनी हलत नाही. छबुबाईसुद्धा पदर खोचून लागल्या, तरी नाही. आणि वळताना टायर फरशीवर चिरकतात. पुढच्या टायरांची कडा खवणीनं खवल्यासारखी झाली आहे.

पाण्याचं सांगू का नको, असं झालंय. आडाला पाणी नाही, टँकर आला तर येतो. माणशी एक घागर मिळायची मारामार, आणि हा सुबाराव एका फेरीला दोन घागरी पितो. काल वरच्या वाडीत भिमाबाईनं स्वतःच्या घागरीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "बाई, आमी एक दिस कमी पिऊ, पर ह्येला चालू दे. ह्यो न्हाई आला तर माझी म्हस जाती." तिच्याकडं एकच म्हैस आहे. तिला नवरा नाही, आणि पोरगी नववीत शिकते.

सभा पंधरा नोव्हेंबरला आहे.

मायेला सांग, तिचा नाडा जसाच्या तसा आहे, कुणी हात लावलेला नाही. मी तर रोज गाडीत बसताना आधी त्याला हात जोडते.

ताई


कडा,
३ नोव्हेंबर

ताई,

काल आमच्या कारखान्यात ऊस उतरवायच्या गव्हाणीवर बैलगाड्या लागल्या होत्या. पहिल्याच गाडीच्या जुवावर आश्रुबा बसलेला. मी म्हणालो, "आरं, तू इथं कावून?" तो म्हणाला, "कावून मंजी? दसरा झाला की तोडीला आलतो की. बायको बी हाय संगं. यंदा शेतात हाय काय?"

मग मी विचारलं, "गाडी कोण चालवतंय?" तर त्यानं जीभ चावली. "ताईनं सांगितलं न्हाई व्हय? ताईच चालवत्यात."

मी आश्रुबाच्या नावानं पत्र लिहितो, आणि तू उत्तर देतेस, "सगळं केलं." बोटंसुद्धा तुझीच सोलली असणार. मला का सांगितलं नाहीस? मी काय नको म्हणालो असतो? बरं, म्हणालो असतो. पण मग मला निदान रोग तरी नीट ओळखता आला असता. वैद्याला खोटं सांगून औषध मागायचं ही कसली रीत?

आता लिहितो ते रागानं घेऊ नको. तुझं लायसन्स झालंय हे खरं, पण तू शिकलीस ती गावाबाहेरच्या माळावर. नवीन माणूस क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतो, त्याला कळतही नाही. क्लच घसरतो, इंजिनावर ताण येतो, पेट्रोल जातं, पाणी तापतं. दसऱ्यापर्यंत आश्रुबा चालवत होता तेव्हा काही नव्हतं, तू बसलीस आणि सुरू झालं. दोन आणि दोन चार होतात. पाय क्लचवरून पूर्ण काढत जा. आणि लहान दांडीचं काय? तिच्यात काही बदल केलास का? लिही.

भाऊबीजेला मी आलो नाही, ते मशीनसाठी नाही. मशीनचं काम त्या दिवशी बंदच होतं. पुढच्या पत्रात लिहीन.

माय नाड्याबद्दल ऐकून खूश झाली.

भारत


धारूर,
८ नोव्हेंबर

भारत,

लहान दांडी जशी होती तशीच आहे. मी तिला कधी हात लावलेला नाही. मला शिकवताना आश्रुबानं बजावलं होतं की तिच्या वाटेला जाऊ नका, ती माझं मी बघतो.

क्लचचं तू म्हणतोस ते खरं असेल. गावात हेच बोलतात. गाडी थांबली की चहाच्या टपरीवरचे लोक एकमेकांना डोळ्यांनी खुणावतात. तुझे दाजीही परवा जेवताना म्हणाले की झालं तेवढं पुरे. त्यांना मी उत्तर दिलं. तुला काय देणार? तुला यंत्रातलं कळतं.

आश्रुबा गेल्यावर दुसरा माणूस मिळाला नाही, गावातली निम्मी माणसं तोडीला गेली आहेत. एक दिवस फेरी चुकली तर दुसऱ्या दिवशी दूध कोण देणार? म्हणून बसले. तुला सांगितलं नाही, कारण तू काळजी करशील असं वाटलं. आणि खरं सांगू, सगळ्या गावात निदान एका माणसानं तरी गाडीला दोष द्यावा, मला देऊ नये, असंही वाटलं होतं.

दोन दिवस पाय क्लचवर ठेवलाच नाही. डाव्या पायात चप्पलही घातली नाही, म्हणजे चुकून लागला तरी कळेल. तरी डांबरीवर रडणं तसंच.

पंधरा तारखेला मी किल्ली टेबलावर ठेवणार आहे. भिमाबाईला काय सांगायचं ते अजून सुचत नाही. तुझ्या कार्बोरेटरला नावं ठेवणार नाही, काळजी करू नकोस.

ताई


कडा,
१२ नोव्हेंबर, दुपार

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही. धारूरच्या गाडीचा कंडक्टर आपल्या ओळखीचा आहे, त्याच्या हाती देतोय. संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. बसली असशील तर उठ आणि वाचता वाचताच गाडीकडं चल.

तुझं पत्र आज मिळालं. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन मायेला वाचून दाखवत होतो. "किल्ली टेबलावर ठेवणार" इथं आलो आणि तिनं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "माझा नाडा असून बी आसं कसं झालं रं?"

मला काय वाटलं कोण जाणे, मी सहज विचारलं, "माय, त्यो नाडा बांधलायस तरी कुठं?" मी आपला समजत होतो की आरशाला असेल, नाहीतर स्टेअरिंगला.

माय म्हणाली, "त्या बारक्या दांडीला. मोठी दांडी सारखी हालती, तिला बांधला तर दोन दिसांत झिजंल. ही गपगार हुती. मनलं हिलाच बांधावं."

माझा घास हातातच राहिला. विचारलं, "दांडी वर हुती का खाली?"

"वर हुती की. मनून तर खालून सीटाच्या लोकंडाला आवळून गाठ मारली. मनलं, पडाया नगं. लई घट हाय, सुटायची न्हाई."

ताई, ऐक. ती लहान दांडी खाली असली की गाडीची पुढची दोनच चाकं ओढतात. वर ओढली की चारही ओढतात. डोंगराला, मुरमाला, चिखलाला वर. डांबरीला कायम खाली. हे आश्रुबाच्या हातात इतकं बसलंय की तो बोलतानासुद्धा सांगत नाही. खंडेनवमीच्या दिवशी मी कार्बोरेटर बसवून दांडी खाली असतानाच आवारात एक चक्कर मारली होती. मग मी आंघोळीला गेलो, आणि आश्रुबानं कुंपणापलीकडच्या उतारावर पूजेसाठी गाडी चढवून लावली. चढवायला दांडी वर केली असणार. त्याच वेळी मायेनं ताट आणलं. दुसऱ्या दिवशी तो तोडीला गेला आणि तू गाडीत बसलीस. पूजेचा नाडा कोण सोडणार? तू लिहिलंस दांडी जशी होती तशी आहे. मी समजलो खाली. तू म्हणत होतीस वर.

मळणीचे बैल आठव. खांबाभोवती फिरताना बाहेरचा बैल जास्त चालतो, आतला कमी. तसं वळणावर पुढची चाकं जास्त चालतात, मागची कमी. चारही एकत्र बांधली की त्यांची आपसात ओढाताण होते. मुरमावर चाक थोडं घसरून आपलं भागवून घेतं, म्हणून कच्च्यावर तो गुणी. डांबर रबराला घसरू देत नाही, मग सगळा ताण आत साठतो. म्हणून वळवून ढकलता येत नव्हता, म्हणून टायर खवले गेले, म्हणून पेट्रोल, म्हणून पाणी. हे सगळं तू मला पहिल्या पत्रापासून लिहीत होतीस. मी कार्बोरेटरमध्ये डोकं घालून बसलो होतो.

तुझा पाय चांगला आहे. दोन आणि दोन चार होतात असं मी लिहिलं होतं, ते वाक्य फाडून चुलीत घाल.

आता काय करायचं ते. गाडी मातीत घे, सरळ उभी कर. नाडा सोड. दांडी लगेच खाली जाणार नाही, ताणानं अडकली असेल. जोर लावू नको. गाडी सरळ रेषेत थोडी मागं घे, मागं घेता घेता दांडी खाली दाब. तरी न पडली तर मागचं एक चाक जॅकवर उचल, चाक झटक्यानं थोडं फिरेल आणि ताण सुटेल. हात लांब ठेव. मग दांडी आपोआप पडेल.

मायेनं जेवण सोडून दिलं होतं. "माझ्याच हातानं लेकीच्या पायात दोरी घातली" असं म्हणत बसली. मी समजूत काढून दमलो. शेवटी तीच म्हणाली, "सोड मनावं तिला. पर कातरीनं तोडू नगं. बोटानं सोड. आन सोडताना माझं नाव घे."

भाऊबीजेचं आता लिहितो. माझ्या जोडपट्टीनं तुझी गाडी मेली अशी माझी खात्री झाली होती. तुझ्या दारात येऊन कुठल्या तोंडानं ओवाळून घ्यायचं? म्हणून आलो नाही.

कंडक्टर शिट्टी मारतोय.

भारत


धारूर,
१६ नोव्हेंबर

चि. भारत, खूप खूप आशीर्वाद.

आधी गाडीचं. नाही, आधी नाड्याचं.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी वरच्या वाडीला निघण्याच्या गडबडीत होते. म्हटलं, वर मातीच माती आहे, तिथंच सोडू. वर गेल्यावर दुधाचे कॅन बाजूला ठेवून गाडीत डोकं घातलं आणि गाठीला हात लावला. भारत, मायेनं ती गाठ काय मारली होती, त्या दोरीनं विहिरीतून मोट ओढली असती. वर हळद-कुंकू आणि महिनाभराची धूळ बसून ती दगड झाली होती. माझी नखं तुटली. बायका जमल्या. एकीनं विळी पुढं केली. मी म्हटलं, कातरायचं नाही, आईनं सांगितलंय. त्यावर कुणी वाद घातला नाही.

शेवटी भिमाबाई सीटवर आडवी झाली आणि दातांनी गाठ सैल करू लागली. तिचे दात चांगले आहेत. तोंडात नाडा धरूनच ती मला म्हणाली, "नाव घ्या की आईचं." मी मोठ्यानं म्हणाले, "बायनाबाई." सगळ्या बायका हसल्या, मग त्याही म्हणाल्या, आणि गाठ सुटली. नाडा मी पदराच्या टोकाला बांधून घेतला.

दांडी पहिल्यांदा हललीच नाही. गाडी मागं घेतली, हळूहळू, सरळ. दाबत राहिले. एकदम खालून कट्ट असा आवाज आला, गाडी एकदा अंग झाडल्यासारखी झाली आणि दांडी माझ्या तळहाताखाली मऊपणे बसली. मला वाटलं काहीतरी मोडलं. उतरून खाली वाकून बघितलं. काही मोडलं नव्हतं.

मग डांबरी आली. मी श्वास धरून पहिलं वळण घेतलं. स्टेअरिंग इतकं हलकं फिरलं की मी जास्तच वळवलं आणि कडेच्या बाभळीत जाता जाता वाचले. रडणं नाही, अडणं नाही. अंबाजोगाईपर्यंत तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. शीतकेंद्रावर उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि मी रडले, हे तुला सांगते, दाजींना सांगितलेलं नाही. केंद्रावरचा माणूस विचारत होता, दूध नासलं का बाई? मी म्हटलं, नाही, आज एकही कॅन नासला नाही. तो म्हणाला, मग?

त्याला काय सांगणार? महिनाभर मी रोज रात्री माझ्या पायाला दोष देत होते, आणि तो पाय निर्दोष होता.

काल सभा झाली. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, नाड्यासकट. लपवायचं तरी काय? छबुबाईंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "मंजी दांडी खाली असली की पाणी पीत न्हाई?" म्हटलं, कालच्या फेरीला थेंब घातला नाही. त्या म्हणाल्या, "मग फेरी चालू. फुडचा विषय घ्या." इतकंच. मी तासभराचं भाषण तयार करून गेले होते, ते तसंच राहिलं. उठताना मात्र त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या की आश्रुबा परत आला तरी आठवड्यातले दोन दिवस तूच चालव, नाहीतर बसलेला हात जाईल. टपरीवरचे लोक आता सुबाराव गेला की आपापला चहा पितात.

पुढचे टायर बदलावे लागतील, तोवर मागचे पुढं घालू का? ते आता जास्त बरे आहेत. कार्बोरेटर तुझाच राहील, तो छान चालतोय. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांग.

मायेवर माझा राग नाही, हे तिला नीट समजावून सांग. तिनं जेवायला सुरुवात केली का? नाडा माझ्याकडं आहे. आता तो कुठं बांधायचा, ते तिलाच विचार.

तुझी ताई


कडा,
२१ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

तुझं पत्र मायेला तीन वेळा वाचून दाखवलं. भिमाबाईच्या दातांचा मजकूर आला की ती "फुडं वाच, फुडं वाच" म्हणते आणि तोच पुन्हा वाचायला लावते. जेवते आहे, काल दोन भाकरी खाल्ल्या. गुडघा दुखतोय, म्हणजे तब्येत ठीक आहे.

टायर अदलाबदल कर, पण पुढच्या दोन्ही चाकांचे सारखे आणि मागच्या दोन्ही चाकांचे सारखे असू देत. एक लहान एक मोठा घातलास तर डोंगरात दांडी वर केली की पुन्हा हेच रडणं. आता दांडीची मालकीण तूच, तेव्हा हे तुझ्या डोक्यात राहू दे.

एक गोष्ट कबूल करायची आहे. तुझ्या नाड्यावर मी वर्कशॉपमध्ये मनसोक्त हसत होतो. सगळ्यांना सांगितलं, आमची ताई महिनाभर चारही चाकं बांधून फिरत होती. बिभीषण नावाचा आमचा जुना फिटर ऐकत होता. तो उठून माझ्या हत्यारांच्या पेटीकडं गेला आणि तिच्या खालच्या खणाच्या कडीवर बोट ठेवलं. तिथंही मायेचा नाडा. दसऱ्यापासून तो खण मी उघडलेलाच नाही. मोठे पाने लागले की बिभीषणाचे मागून घेतो. तो म्हणाला, "महिना झाला, माझे पाने परत दे बे." सगळे माझ्याकडं बघून हसले. घरी येऊन मायेच्या समोर बोटानं सोडला. ती म्हणाली, "तुझा तर लगीच सुटला, तुझा ढिलाच बांधला हुता. पोरीला जास्त लागतं मनून तिचा घट बांधला."

यावर तू काही बोलू नकोस.

नाडा कुठं बांधायचा, ते तिला विचारलं. ती म्हणाली, "गाडीला न्हाई. गाडीला आता मी हात लावत न्हाई. चालवणारीच्या मनगटाला बांधते. हात हालंल तसा त्यो बी हालंल."

तेव्हा पुढच्या रविवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं निघतोय. ओवाळायचं ताट तयार ठेव, भाऊबीज उशिरा झाली म्हणून काही बिघडत नाही. माय म्हणते, स्टँडवर सुबाराव पाठव, आणि पुढं तुझ्या शेजारी तिलाच बसव. मी मागं कॅनांबरोबर बसतो.

तुझा,
भारत